शनिवारी चार वाजता, याच बाकावर

मला इथे सगळे भट्टी म्हणतात. पाव भाजते म्हणून, की डोकं लगेच तापतं म्हणून, हे बावीस वर्षांत मी कोणाला विचारलेलं नाही. नाव ठेवलं गोठेकाकांनी, आणि ही हकिकत त्यांचीच आहे. त्यांच्याबद्दल त्यांच्या मागे लिहिते आहे, म्हणजे आमच्या मळ्याचा सगळ्यात मोठा नियम मोडते आहे. मोडू दे. मोडायला उशीरच झाला मला.

मळा म्हणजे येशूच्या नावाने एकत्र राहायचं ठरवलेल्या सात कुटुंबांनी कसायला घेतलेली जमीन. आता आम्ही चाळीस जण आहोत. जेवणघर एक, गाडी एक, कपड्यांचं कपाट एक. त्यामुळे माझा जुना स्वेटर अधूनमधून दुसऱ्याच्या अंगावर मला भेटतो. पहाटे पाचला घंटा होते, आणि त्यानंतर प्रार्थना आटोपून न्याहारी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. माझ्या तोंडाला तो वेळ कसा जायचा ते माझं मला माहीत. मग ज्याचं त्याचं काम. बारा वाजता पुन्हा घंटा. जेवताना एक जण शुभवर्तमानातला उतारा वाचतो आणि बाकीचे आवाज न करता चावायचा प्रयत्न करतात. गाजरांच्या दिवसांत ते जमत नाही. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, काय शांत माणसं आहेत! त्यांनी आम्हाला एका बादलीवरून भांडताना पाहिलेलं नसतं.

नियमाची पाटी जेवणघराच्या भिंतीवर आहे: ‘माणसाबद्दल बोलायचं ते त्या माणसाशीच.’ ती गोठेकाकांनी स्वतःच्या हाताने रंगवली. शेवटी जागा पुरेना, म्हणून ‘शीच’ ही अक्षरं कोपऱ्यात अंग चोरून बसली आहेत. मळ्याच्या दुसऱ्या वर्षी मागून बोलण्यावरून इतकं फाटलं होतं की दोन कुटुंबं सामान बांधून निघून गेली. त्यानंतर हा नियम आला. कोणाचं काही खटकलं तर थेट त्याच्यासमोर जायचं, प्रेमाने सांगायचं आणि तिथेच विसरायचं. तिसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. नवरा-बायकोतसुद्धा नाही.

मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. पण झालं. आणि खरं सांगते, ज्या घरात मी वाढले आणि ज्या घरात मला दिलं होतं, त्या दोन्ही घरांत भिंतीमागे सतत माझ्याबद्दल कुजबुज चालायची. इथे मी खोलीत शिरल्यावर कोणी गप्प झालं नाही. याची किंमत ज्याने ती कुजबुज ऐकली आहे त्यालाच कळेल.

मला इथे आणलं ते गोठेकाकांनीच. ते आमच्या अकरा गायी सांभाळायचे, म्हणून गोठेकाका. उंच, पाठीत जरा वाकलेले, आणि अंगाला कायम दुधाचा वास. दर गुरुवारी गाडीत पाव, उकडलेली अंडी आणि दुधाचा कॅन घालून ते शहरातल्या बस डेपोत जायचे. आमच्यातले काही जण त्याला सेवा म्हणतात, काही साक्ष म्हणतात. काका म्हणायचे, डेपोत जाऊन बसतो. ते पत्रकं वाटू द्यायचे नाहीत. एकदा कोणीतरी कर्णा आणला, तर तो त्यांनी गोठ्यात नेऊन दाण्याच्या पोत्यात पुरून ठेवला आणि दोन महिने ‘कुठे गेला बुवा’ म्हणून सगळ्यांबरोबर शोधला. “आधी पोट,” म्हणायचे. “मग वाटलं तर तो माणूस आपणच विचारेल, तुम्ही कोण म्हणून. नाही विचारलं तर नाही.” आणि ते कधी कोणाचं नाव विचारायचे नाहीत. पळून आलेल्या माणसाला नाव सांगायची भीती वाटते, असं त्यांचं म्हणणं. मग आम्हीही विचारत नसू. आम्हाला त्याचा जरा अभिमानच होता.

बावीस वर्षांपूर्वी मी त्या डेपोत एका पिशवीवर हात ठेवून बसले होते. तिसरा दिवस होता. काका शेजारी येऊन बसले, मला पाव दिला आणि म्हणाले, “जपून खा. आमच्याकडे पाव करणारं कोणी नाही, आम्ही दगड भाजतो.” मी चावला आणि खरंच दगड होता. मी बेकरीत काम केलेली बाई. म्हटलं, “पीठ फुगायच्या आधीच भट्टीत घालता तुम्ही.” ते म्हणाले, “मग आता तुला यावंच लागेल.” मला वाटलं थट्टा आहे. पण उठताना त्यांनी सांगितलं, “आधी खोली करायला हवी. शनिवारी चार वाजता, याच बाकावर. मी येईन.”

येईल कशाला, असं मनात धरूनच मी शनिवारी तीनला तिथे गेले. काका आधीच बसलेले. केस पाणी लावून विंचरलेले, मांडीवर गाजरांची पिशवी. चौकशी खिडकीतल्या बाईने मला नंतर सांगितलं की ते दोनपासून बसले होते. मी विचारलं, इतक्या लवकर का आलात? तर म्हणाले, “बाई थांबली आणि माणूस आला नाही, असं होता कामा नये.”

माझ्यानंतर त्यांनी त्या बाकावरून आणखी चौदा माणसं आणली. काही टिकली, काही आठवड्यात पळाली, एक जण तर आमचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेला. पण काका आले नाहीत असं एकदाही झालं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते माझ्या भट्टीघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वासराची बाटली दे.” बाटली त्यांच्या हातातच होती. मी हसले, तेही हसले. पण त्याच आठवड्यात मी त्यांना सकाळी एकदा दूध काढून झालेल्या गायीखाली पुन्हा बादली लावून बसलेलं पाहिलं. गाय वैतागून पाय आपटत होती आणि काका तिला समजावत होते, “अगं, आज काय झालंय तुला?” मला ते बरं वाटलं नाही. मी नियमाप्रमाणे केलं. दुपारी त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, “काका, तुम्ही हल्ली विसरताय. आज एकाच गायीला दोनदा बसलात.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बरं झालं सांगितलंस. लक्ष ठेवतो.”

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ज्याचं त्याला सांगून झालं, विषय संपला. मी हात धुऊन पीठ मळायला घेतलं.

आता पुढचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच महिन्यात आमच्या थोरल्याने, म्हणजे कारभार पाहण्यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या बाप्याने, जेवताना काकांना एकच उतारा दोनदा वाचताना ऐकलं. तो काकांना एकटं गाठून बोलला. काका म्हणाले, बरं झालं सांगितलंस. आमच्यात एक गिटारवाला आहे, गुरुवारी डेपोत गाणी म्हणतो. परतताना काकांनी गाडी एकाच चौकातून तीनदा फिरवली तेव्हा तो शेजारी बसला होता. त्याने तिथल्या तिथे सांगितलं आणि विचारलं, “आजपासून मी चालवू का?” काका म्हणाले, “चालव की.” मळ्यावर कोणी विचारलं नाही की गाडी आता हा का चालवतो. विचारणं म्हणजे काकांबद्दल बोलणं झालं असतं. आणि काकांची बायको, आमच्या शिवणकाकू, त्या तर रोज सकाळी नवऱ्याच्या सदऱ्याची चुकलेली बटणं काढून नीट लावायच्या आणि रोज त्याला तोंडावर सांगायच्या.

सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी ते प्रेमाने आणि तोंडावर सांगितलं. आणि ज्याला सांगितलं तो संध्याकाळपर्यंत विसरला. आम्ही चार जण एकाच टेबलावर जेवत होतो, एकमेकांना मीठ देत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच दिसलंय आणि आपण ते निस्तरलंय. मला अजून कोणी सांगावं की यात चूक कुणाची. मी वर विचारून पाहिलं आहे. तिकडून काही उत्तर नाही.

थंडी नुकतीच पडू लागली होती तेव्हाचा गुरुवार. पावाचे ट्रे जास्त होते म्हणून मीही डेपोत गेले होते. त्याच बाकावर काका एका मुलीशी बोलत होते. वीस-बावीसची असेल. हिरवा स्वेटर, वरचा ओठ सुजलेला, शालीत गुंडाळलेलं तान्हं मूल. काकांनी मुलाच्या मुठीत बोट दिलं होतं आणि मुलीला सांगत होते की आमच्याकडे एक भट्टी आहे, तिच्यापासून जरा जपून राहायचं. मुलगी हसली. ओठ दुखला असावा, लगेच तोंडावर हात ठेवला. मी ट्रे उचलून जवळून गेले तेव्हा शेवटचं वाक्य कानावर पडलं. शनिवारी चार वाजता, याच बाकावर. मी येईन.

मला बरं वाटलं. मी स्वतःला तिथे बसलेलं पाहिलं. खोली करायची, थोरल्याला सांगायचं, गाडीची वेळ ठरवायची, हे सगळं ज्याने बोलावलं त्याने करायचं असतं. काकांनी ते नेहमीच चोख केलेलं होतं. मी डोकं घातलं नाही.

शनिवारी मी रविवारच्या प्रभुभोजनाचा पाव करायचे. तो एकच मोठा असतो, आणि त्याच्यापाशी मी कोणाला बोलूही देत नसे. पावणेचारला तो भट्टीत घातला आणि खिडकीतून पाहिलं. काका गोठ्यासमोर बसून बादल्या घासत होते. शीळ घालत होते. आमची निळी गाडी झाडाखाली उभी होती.

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले.

“काका, आज कुठे जायचं होतं का तुम्हाला?”

“मला?” त्यांनी वर पाहिलं. “नाही गं. शनिवार ना आज? शनिवारी मी कुठे जातो?”

“डेपोत?”

“डेपोत गुरुवारी.” आणि मलाच समजावल्यासारखे म्हणाले, “तू विसरायला लागलीस की काय, भट्टी?”

ते इतक्या खात्रीने म्हणाले की मला वाटलं बेत बदलला असेल. नाही, हे खोटं आहे. खोटं मला लिहायचं नाही. मला वाटलं की काहीतरी चुकतंय. वीस पावलांवर थोरल्याची खोली होती, दार उघडं होतं. जाऊन एवढंच म्हणायचं होतं की काकांनी एका मुलीला चारची वेळ दिली आहे आणि ते विसरलेत, गाडी काढ. अर्ध्या तासात गाडी डेपोत असती. मी चार पावलं त्या दिशेला गेलेही. मग मनात आलं, हे म्हणजे त्यांच्या मागे त्यांची चुगली. ज्या माणसाने मला उचलून आणलं, त्याची. आणि दुसरं मनात आलं ते पावाचं. आता परतले नाही तर वरून करपेल.

मी परतले. पाव फार सुरेख झाला. रविवारी थोरल्याने तो मोडला, सगळ्यांनी खाल्ला, आणि शिवणकाकू मला म्हणाल्या की इतका हलका पाव तू कधी केला नव्हतास.

पुढच्या गुरुवारी बाक रिकामा होता. चौकशी खिडकीतली बाई आता म्हातारी झाली आहे, पण जागेवर तीच आहे. तिने काचेवर टकटक करून मला बोलावलं.

“त्या दिवशी आला नाहीत तुम्ही.”

“कधी?”

“शनिवारी. ती पोरगी अडीचपासून बसली होती. निळी गाडी दिसली की उठून उभी राहायची. सातपर्यंत. मी म्हटलं, आत येऊन बस, बाळाला वारा लागतोय. तर म्हणाली, नको, त्यांना मी दिसायला हवी.”

“मग?”

“मग एक माणूस आला. नवराच असणार. ओरडला नाही, काही नाही. तिची पिशवी उचलली आणि चालायला लागला. ती गेली मागून.” बाईने बाकाकडे बोट केलं. “जाताना दोनदा वळून पाहिलं तिने.”

कुठल्या बसने? पाहिलं नाही. राहते कुठे? ठाऊक नाही. मी आणि गिटारवाला पोलीस चौकीत गेलो तर तिथल्या हवालदाराने कागद पुढे ओढून पहिलाच प्रश्न विचारला, “नाव काय?” हवालदाराने पेनाचं टोपण लावलं. आम्ही नाव विचारत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी थोरल्याने घंटा वाजवून सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. काकांनाही. नियमच तसा आहे, ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर हवा. ते पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी बसले. मग एकेकाने उठून सांगितलं. थोरल्याने उताऱ्याचं, गिटारवाल्याने चौकाचं, मी गायीचं. आठ महिन्यांचं सगळं पहिल्यांदाच एका टेबलावर आलं, आणि ते इतकं होतं की लहान पोरालाही कळलं असतं. काकू हातातलं शिवण न सोडता म्हणाल्या, “मी रोज सकाळी सांगत होते. रोज ते म्हणायचे, अगं, मग आधी का नाही सांगितलंस?”

शेवटी मी त्या मुलीचं सांगितलं. हिरवा स्वेटर, बाळ, अडीच ते सात. माझं चार पावलं जाऊन परत येणंही सांगितलं. कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

काका पुढे वाकून, कानामागे हात धरून सगळं ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. माझं संपलं तसे ते म्हणाले, “अरे, बिचारा. कोण आहे हा माणूस? त्याचं कोणी नाही का? त्याला आपल्याकडे घेऊन या.” मग आजूबाजूला पाहत विचारलं, “आणि त्या पोरीचं काय झालं?”

काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला. पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. थोरल्याने ती दुसऱ्या दिवशी काढून फडताळामागे ठेवली. भिंतीवर तिचा चौकोन अजून स्वच्छ दिसतो, आणि जेवताना माझी नजर तिथेच जाते.

गायी आता दुसरे पाहतात. काकांना गायींची नावं आठवत नाहीत, माझंही आठवत नाही. कधी मला बाई म्हणतात, कधी ताई. पण एक गोष्ट कुठून तरी वर आली आहे आणि ती जात नाही. दुपारचे दोन झाले की ते पाणी लावून केस विंचरतात आणि फाटकाकडे चालू लागतात. कोणीतरी थांबलंय, म्हणतात. कोण, ते सांगता येत नाही. काकू म्हणतात, आजार आहे, शिक्षा म्हणू नकोस. मी म्हणत नाही. मी आता फारसं काहीच म्हणत नाही. पहाटेच्या घंटेनंतर गप्प बसायचा वेळ मला पूर्वी जड जायचा, आता तोच बरा वाटतो. प्रार्थनेला बसते, ओठ हलवते. प्रभुभोजनाचा पाव दुसऱ्या कोणाला तरी शिकवा म्हणून थोरल्याला सांगितलंय. माझ्याने तो होत नाही.

शनिवारी मात्र मी काकांना डेपोत नेते. गिटारवाला गाडी चालवतो आणि तिथेच गाडीत बसून राहतो. आम्ही दोघं बाकावर बसतो, दोनपासून. हिरवा स्वेटर दिसला की मी उठते. असे स्वेटर पुष्कळ असतात, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. खिडकीतली बाई नुसती मान हलवते. सात वाजले की आम्ही परत येतो.

गेल्या शनिवारी वारा फार होता. काका बराच वेळ माझ्याकडे पाहत होते, परक्या माणसाकडे पाहावं तसं, पण मायेने. मग जरा सरकून त्यांनी गळ्यातला मफलर माझ्या खांद्यावर टाकला.

“बराच वेळ बसलीयेस,” ते म्हणाले. “कोणी घ्यायला येणार आहे का तुला?”

मी मफलर अंगाशी ओढून घेतला.

“हो,” मी म्हटलं. “चार वाजता येतो म्हणाले होते.”

त्यांनी डेपोतल्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांना घड्याळ कळतं की नाही, मला माहीत नाही. पण त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. तसा राग मी त्यांच्या तोंडावर बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

“कसला माणूस आहे हा,” ते म्हणाले. “बाईला असं थांबवून ठेवतात?”

मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, “तू घाबरू नकोस. तो येईपर्यंत मी थांबतो.”